ट्राउटसाठी ट्रोलिंग : हिडकलच्या पाण्यावर सराव, परदेशातील थंड सरोवरावर मासेमारी

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या पट्ट्यातील अनेक घरांतील मुले आता कॅनडा, अमेरिका आणि न्यूझीलंडमध्ये स्थायिक झाली आहेत आणि त्यांचे आईवडील मे-जूनच्या सुमारास तीन-चार महिन्यांसाठी त्यांच्याकडे जाऊन राहतात. ज्यांनी घटप्रभा-मलप्रभेच्या काठावर वर्षानुवर्षे गळ टाकला आहे, त्यांना मुलगा किंवा जावई कधीतरी एखाद्या मोठ्या सरोवरावर ट्राउट मारायला घेऊन जातोच. तिथे होडी थांबतच नाही. ती संथ चालत असते, मागे दोऱ्या सोडलेल्या असतात, आणि काठावर तासन्‌तास बसून मरळ किंवा शिंगाळा काढणाऱ्या माणसाला नेमके काय चालले आहे हे समजेपर्यंत दिवस संपतो. हा लेख अशा वाचकांसाठी आहे. गळाला मासा कसा लावावा हे त्यांना ठाऊक आहे असे धरूनच पुढचे लिहिले आहे.

चालत्या होडीमागे आमिष किंवा लूर, म्हणजे गळ लावलेले कृत्रिम आमिष, ओढत नेण्याच्या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. तळ्याकाठी आपण माशाची वाट पाहतो. शेकडो चौरस किलोमीटरच्या सरोवरात वाट पाहत बसणे निरर्थक असल्यामुळे तिथे मासा शोधत जावे लागते. दुकानदार लूरच्या रंगांवर तासभर बोलतील, पण माझ्या मते नवख्याने आधी पाण्याचे तापमान, आमिषाची खोली आणि होडीचा वेग या तीनच गोष्टींकडे लक्ष द्यावे. यांतील खोली आणि वेग आपल्या भागातील जलाशयावरही शिकता येतात. तापमानाचा हिशेब मात्र तिथे गेल्यावरच करावा लागतो.

मासा कोणत्या थरात असेल

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा आहे. रेनबो ट्राउटला साधारण १२ ते १६ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते, ब्राउन ट्राउट त्याहून किंचित उबदार पाणी सहन करतो, तर लेक ट्राउटला ८ ते १२ अंशांचे पाणी हवे असते. पाणी २० अंशांच्या वर गेले की ट्राउटची तगमग सुरू होते आणि २५ अंशांच्या आसपास तो तग धरू शकत नाही. हिडकल किंवा नवलतीर्थच्या जलाशयात ट्राउट का नाही, याचे उत्तर यातच आहे. भारतात तो काश्मीर-हिमाचलच्या नद्या-ओढ्यांत आणि निलगिरी-मुन्नारच्या उंचावरील पाण्यात टिकला, कारण ते पाणी बारमाही थंड असते.

थंड प्रदेशातील खोल सरोवराचे पाणी उन्हाळ्यात थरांत विभागले जाते. वरचा थर उन्हाने तापतो आणि हलका असल्यामुळे वरच राहतो. तळाचे पाणी थंड आणि जड असते, कारण पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते. या दोहोंमध्ये एक पातळ पट्टा असतो, ज्यात दर मीटरला तापमान एक अंशाने किंवा त्याहूनही अधिक घसरते. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. भर उन्हाळ्यात रेनबो आणि ब्राउन ट्राउट बहुधा याच पट्ट्याच्या आसपास फिरतात, तर लेक ट्राउट त्याखाली, बऱ्याचदा तळाला लागून राहतो. वसंतात बर्फ वितळल्यावर आणि शरद ऋतूत थंडी पडू लागल्यावर वरखालचे पाणी मिसळून सगळीकडे सारखे थंड होते, तेव्हा मासा अगदी पृष्ठभागाशीही मिळतो.

यातून आपल्या लोकांसाठी एक अडचणीची गोष्ट निघते. आईवडील जून ते सप्टेंबर या काळात उत्तर अमेरिकेत असतात आणि नेमका त्याच काळात ट्राउट खोल गेलेला असतो. एप्रिल-मे महिन्यांत ओंटारिओ सरोवरात ब्राउन ट्राउट किनाऱ्यालगतच्या चार-पाच मीटर पाण्यात साध्या दोरीवर मिळतो. जुलैत त्याच दोरीला दिवसभर काही लागणार नाही. ज्यांना तिकिटाची तारीख ठरवण्याची मोकळीक आहे, त्यांनी एप्रिलअखेर जावे. न्यूझीलंडमध्ये ऋतू उलटे असतात. ताउपो सरोवरावर डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा असतो आणि तेव्हा तिथला रेनबोही खोल जातो.

तापमान मोजण्यासाठी महाग यंत्राची गरज नाही. जाड काचेच्या बाटलीला खाली शिसे बांधावे, बुचाला वेगळी दोरी बांधावी, ठरलेल्या खोलीवर बाटली सोडून बूच ओढावे आणि बाटली भरल्यावर पाच मिनिटे थांबून वर घ्यावी. वर येताच बाटलीतील पाण्यात थर्मामीटर बुडवावा. उघडा थर्मामीटर दोरीला बांधून सोडला तर वरच्या उबदार थरातून येताना त्याचा आकडा चढतो आणि फसगत होते. दर तीन मीटरला एक नोंद घेतली की पारा कुठे झपाट्याने उतरतो ते कळते. होडीवर फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचा तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारे यंत्र, असेल तर त्याची संवेदनक्षमता वाढवून पाहावी. थर्मोक्लाइन पडद्यावर आडव्या धूसर पट्ट्यासारखी दिसते.

जाण्यापूर्वी इथे करण्याचा सराव

हुक्केरी तालुक्यातील हिडकल धरणाचा, म्हणजे राजा लखमगौडा जलाशयाचा, साठा सुमारे ५१ टीएमसी आहे, आणि सौंदत्तीजवळच्या नवलतीर्थ येथील रेणुकासागराचा सुमारे ३८ टीएमसी. होडीवरून दोरी ओढण्याचा सराव करायला एवढे पाणी पुरेसे आहे. जलाशयात होडी नेण्यापूर्वी नीरावरी निगमाच्या स्थानिक कार्यालयात आणि मत्स्य खात्याकडे चौकशी करून परवानगी घ्यावी, धरणाच्या भिंतीजवळ आणि दरवाजांजवळ फिरकू नये, आणि ज्यांना तिथे मासेमारीचा परवाना आहे त्यांच्या जाळ्यांपासून लांब राहावे. राकसकोप जलाशय बेळगाव शहराच्या पिण्याच्या पाण्याचा आहे. तिथे हा खटाटोप करू नये. सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे तिथल्याच परवानाधारक मच्छीमाराला दिवसाचे पैसे देऊन त्याच्या होडीत बसणे. पाण्याखाली झाडांची खोडे कुठे आहेत आणि जुन्या बांधांच्या भिंती कुठे, हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.

तळ समजून घ्यायचा असेल तर मे महिन्यात पाणी उतरल्यावर काठाकाठाने चालत जावे. हिडकलच्या फुगवट्यात बुडालेले हुन्नूरचे विठ्ठल मंदिर त्या दिवसांत उघडे पडते आणि भोवतालचे उतार, ओढ्यांच्या जुन्या वाटा, सपाट शेते डोळ्यांनी दिसतात. परदेशात फिश फाइंडरच्या पडद्यावर ज्या रेषा दिसतात त्या अशाच उतारांच्या असतात. मासा सपाट तळापेक्षा उताराच्या कडेने अधिक फिरतो, हे एकदा कोरड्या पात्रात उभे राहून पाहिले की पडदा वाचणे सोपे जाते.

सरावासाठी लूरचे गळ काढून टाकावेत. त्यामुळे लूर अडकत नाही आणि मासेमारीच्या परवान्याचा प्रश्नही उद्भवत नाही. आधी होडीशिवाय काठाने हळू चालत, दीड-दोन मीटर तंगुसाला बांधलेला लूर पाण्यातून ओढून पाहावा. रमतगमत चालण्याचा वेग तासाला तीन ते चार किलोमीटर असतो आणि बहुतेक ट्राउट ट्रोलिंग याच वेगाने होते. पातळ पत्र्याचा स्पून, म्हणजे चमच्याच्या आकाराचा लूर, या वेगात डावी-उजवीकडे डुलला पाहिजे. तो स्वतःभोवती गरगर फिरू लागला तर वेग जास्त आहे. नुसताच तिरपा होऊन सरकत राहिला तर कमी आहे. प्रत्येक लूरचा वेग निराळा असतो, म्हणून परदेशातही दोरी लांब सोडण्याआधी प्रत्येक लूर होडीच्या कडेला पाण्यात धरून त्याची चाल पाहणे ही सवयच व्हायला हवी.

होडीवर गेल्यावर वेग मोजावा. मोबाइलवरील जीपीएस पुरेसे असते. ते नसेल तर एक गणित लक्षात ठेवावे : तासाला तीन किलोमीटर म्हणजे मिनिटाला पन्नास मीटर. पन्नास मीटर अंतरावर दोन रिकामे डबे तरंगत ठेवून त्यांच्यामधले अंतर एका मिनिटात कापता आले की हाताला वेग बसतो. वल्ह्यांवरही हे जमते. उलट, वल्ही मारताना लूर किंचित पुढे जातो, किंचित थबकतो, आणि हा लयीतला फरक माशाला इंजिनाच्या एकसुरी ओढीपेक्षा जास्त भुलवतो असे अनेक जाणकार मानतात.

आमिष खोल नेण्याचे मार्ग

सर्वांत साधा मार्ग म्हणजे तीस ते साठ मीटर तंगूस सोडून त्यामागे लूर ओढणे. तो दोन-तीन मीटरच्या खाली फारसा जात नाही, म्हणून फक्त वसंतात, शरदात किंवा भल्या पहाटे उपयोगी पडतो. तोंडाशी पट्टी असलेले प्लग, म्हणजे माशाच्या आकाराचे लूर, थोडे अधिक खोल जातात.

लेड-कोर दोरी हा नवख्यासाठी माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग आहे. विणलेल्या दोरीच्या पोटात शिशाची तार असते आणि दर दहा यार्डांना, म्हणजे सुमारे नऊ मीटरना, तिचा रंग बदलतो. म्हणून तिथले लोक ‘पाच रंग सोडा’, ‘सात रंग सोडा’ असेच बोलतात. तासाला सुमारे तीन किलोमीटर वेगाने प्रत्येक रंगामागे आमिष अंदाजे दीड मीटर खाली जाते, म्हणजे पाच रंगांना सात-आठ मीटर. वेग कमी झाला की तीच दोरी अधिक खोल जाते, वाढला की वर येते. दोरीच्या टोकाला पाच-सहा मीटर फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे लूरला जोडणारा बारीक तंगूस, बांधावा, चार-पाच किलो ताकदीचा, आणि मध्ये स्विव्हेल, म्हणजे मोकळी फिरणारी कडी, लावावे. नाहीतर फिरणाऱ्या स्पूनमुळे तंगुसाला पीळ पडतो.

हा आकडा कुणाच्या सांगण्यावरून न घेता स्वतः तपासता येतो. हिडकलवर ज्या सपाट जागेची खोली ठाऊक आहे, समजा सहा मीटर, तिथे गळ काढलेला लूर तीन रंगांवर ओढावा, मग चार, मग साडेचार. तळ लागला की रॉडचे टोक ठकठक वाकते आणि लगेच सुटते. गाळ असेल तर ते नुसते जड होऊन राहते. मग वेग थोडा कमी-जास्त करून पुन्हा पाहावे. एका सकाळी हे केले की आपली दोरी आपल्या वेगात किती खाली जाते याचा आकडा स्वतःच्या वहीत असतो आणि तो कुठल्याही सरोवरावर चालतो.

वीस-तीस मीटर खोल जायचे असेल तर डाउनरिगर लागतो. होडीच्या मागच्या बाजूला एक छोटा रहाट असतो, त्याच्या तारेला साडेतीन ते साडेपाच किलोचा गोळा टांगलेला असतो. लूर होडीमागे पाच ते तीस मीटर सोडून दोरी गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवतात आणि गोळा खाली नेतात. रील गुंडाळून रॉड चांगलाच वाकेपर्यंत ताण द्यायचा असतो. मासा लागला की चिमटा सुटतो, वाकलेला रॉड एकदम सरळ उसळतो आणि लगेच पुन्हा वाकतो. नुसताच सरळ झाला आणि तसाच राहिला, तर मासा ठोकर देऊन गेला असे समजावे. रहाटावरचा आकडा तारेची लांबी सांगतो, खोली सांगत नाही, हे विसरू नये. होडीच्या ओढीने तार मागे कलते; ती उभ्या रेषेपासून तीस अंश कलली असेल तर वीस मीटर तार सोडूनही गोळा सतरा मीटरच्या आसपासच असतो.

फिश फाइंडरवर मासे पंधरा मीटरवर दिसत असतील तर आमिष तेरा-चौदा मीटरवर ठेवावे. ट्राउट वर पाहून झडप घालतो. आपल्या खालून जाणाऱ्या आमिषाकडे तो क्वचितच वळतो. लेक ट्राउट याला थोडा अपवाद आहे. त्याच्यासाठी गोळा तळाला अधूनमधून टेकेल इतका खाली नेऊन, तासाला दोन-अडीच किलोमीटर इतक्या संथ वेगाने ओढतात.

होडीची भीती बाळगणाऱ्या ब्राउन ट्राउटसाठी प्लेनर बोर्ड वापरतात. ही पाण्यावर तरंगणारी फळी दोरीला होडीपासून बाजूला खेचून नेते आणि उथळ पाण्यातला मासा बिथरत नाही.

वळणे

नवखे लोक होडी सरळ रेषेत चालवतात आणि त्यामुळे निम्मी माहिती गमावतात. होडी उजवीकडे वळते तेव्हा उजव्या बाजूची दोरी आतल्या लहान वर्तुळावर येते, तिचा वेग मंदावतो आणि लूर खाली बसू लागतो. डाव्या बाजूची दोरी बाहेरच्या मोठ्या वर्तुळावर असते, ती वेग घेते आणि लूर वर येतो. म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी हलके नागमोडी वळण घ्यावे आणि झटका कोणत्या बाजूला बसला ते पाहावे. आतल्या दोरीला मासा लागला तर माशाला संथ किंवा खोल आमिष हवे आहे. बाहेरच्या दोरीला लागला तर वेग वाढवून पाहावा. दोनदा एकाच बाजूला झटका बसला की सगळ्या दोऱ्या त्याप्रमाणे बदलाव्यात. वळण मात्र रुंद घ्यावे, नाहीतर लेड-कोरच्या दोऱ्या एकमेकींत गुंतून अर्धा तास सोडवत बसावे लागते.

जीपीएस पृष्ठभागावरील वेग दाखवते. मोठ्या सरोवरात वाऱ्यामुळे खालचे पाणी उलट दिशेनेही वाहत असते आणि खोलवरचा लूर प्रत्यक्षात फार जोरात किंवा फार हळू चाललेला असतो. एका दिशेने जाताना झटके बसतात आणि परत येताना बसत नाहीत, असे झाले तर परतीच्या वाटेवर वेग अर्धा-पाऊण किलोमीटरने बदलून पाहावा. डाउनरिगरच्या तारेचा कल दोन्ही दिशांना सारखा राहील असा वेग ठेवणे, ही जुन्या लोकांची साधी युक्ती आहे. इंजिन मोठे असून होडी पुरेशी हळू होत नसेल तर मागे दोरीला बादली बांधून ओढतात.

लूर आणि आमिष

तिथला मासा जे खातो त्याच आकाराचा लूर लावावा. ग्रेट लेक्समध्ये, म्हणजे कॅनडा-अमेरिकेच्या सीमेवरील ओंटारिओसारख्या महासरोवरांत, ट्राउटचे मुख्य खाद्य एलवाइफ आणि स्मेल्ट हे लहान चंदेरी मासे आहेत, ताउपोमध्येही स्मेल्टच. म्हणून सात ते दहा सेंटिमीटरचे चंदेरी स्पून दोन्हीकडे चालतात. ऊन असेल तर चकचकीत चांदी, ढगाळ वातावरणात किंवा पहाटे तांबूस किंवा हिरवट, एवढे सुरुवातीला पुरे. लूरच्या पुढे अर्धा-पाऊण मीटरवर डॉजर नावाचा रुंद पत्रा लावला तर तो हेलकावे खात लांबून माशाला खेचतो. जिवंत गांडूळ लावायची परवानगी असेल तिथे चमकत्या पत्र्यांच्या माळेमागे गांडूळ ओढणे हा जुना आणि खात्रीचा प्रकार आहे, आणि तो आपल्या लोकांना लगेच जमतो.

मासा लागल्यावर

काठावर आपण झटका देऊन गळ रुतवतो. इथे तसे करू नये. होडीच्या चालीनेच गळ रुतलेला असतो आणि ट्राउटचे तोंड मऊ असते. रॉड होल्डरमधून काढताना दोरी सैल पडू देऊ नये. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटू लागते तो ताण, दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतकाच ठेवावा, म्हणजे मासा धावला तर दोरी सुटत राहते. होडी एकदम थांबवू नये. इंजिन बंद केले की बाकीच्या दोऱ्या तळाला जातात आणि गुंततात. वेग किंचित कमी करून मासा होडीच्या मागच्या कोपऱ्याकडे आणावा आणि दांड्याची जाळी पाण्यात आधीच बुडवून ठेवून मासा डोक्याच्या बाजूने तिच्यात ओढून घ्यावा. शेपटीकडून जाळी मारली की तो हमखास उडी घेतो.

सोडायचा असेल तर हात ओले करून पाण्यातच गळ काढावा. पृष्ठभागाचे पाणी २० अंशांच्या वर असेल तर खोलातून आणलेला ट्राउट सोडूनही बऱ्याचदा जगत नाही. अशा दिवसांत नियमाने जेवढे मासे ठेवता येतात तेवढे ठेवावेत आणि दोऱ्या गुंडाळाव्यात.

नियम, थंड पाणी आणि सामान

ओंटारिओ प्रांतात १८ ते ६४ वर्षे वयाच्या कॅनडातील रहिवाशाला मासेमारीचा परवाना लागतो, तर न्यूयॉर्क राज्यात १६ वर्षांपासून पुढे. पाहुण्यांसाठीचे दर आणि अटी वेगळ्या असतात, त्यामुळे वय कितीही असले तरी आधी चौकशी करावी. ताउपोसाठी न्यूझीलंडच्या इतर भागांहून वेगळा परवाना काढावा लागतो, आणि त्या देशात ट्राउटची खरेदी-विक्री करणे बेकायदेशीर आहे. तिथे ट्राउट खायचा असेल तर तो स्वतः धरावा किंवा कुणीतरी भेट द्यावा. एका माणसाने किती दोऱ्या सोडाव्यात, किती लांबीचा मासा ठेवावा, हे सरोवरागणिक बदलते आणि त्या-त्या वर्षीची नियमपुस्तिकाच प्रमाण मानावी. कॅनडात मोटरबोट चालवणाऱ्याकडे क्षमतेचा दाखला लागतो. ग्रेट लेक्समधील मोठे, वयस्क लेक ट्राउट वारंवार खाऊ नयेत, कारण त्यांच्या अंगात पारा आणि इतर विषारी द्रव्ये साठलेली असतात. कोणता मासा महिन्यातून किती वेळा खावा याची माहिती तिथले सरकार प्रसिद्ध करते. मध्यम आकाराचा ट्राउट हळद-मीठ-तिखट लावून तव्यावर केला तर उत्तम लागतो, मात्र त्याचे मांस मऊ असल्यामुळे मरळीसारखा रस्सा करायला जाऊ नये.

कृष्णेत किंवा घटप्रभेत पोहून मोठ्या झालेल्या माणसाला लाइफ जॅकेट घालणे कमीपणाचे वाटते. दहा अंशांच्या पाण्यात पडल्यावर पहिल्याच मिनिटात श्वासावरचा ताबा सुटतो आणि थोड्याच वेळात हातपाय बधिर होतात. पट्टीचा पोहणाराही तिथे हतबल होतो. जॅकेट होडीत नुसते ठेवलेले नसावे, अंगात असावे. वारा वाढू लागला की मासा लागत असला तरी किनाऱ्याकडे वळावे, कारण मोठ्या सरोवरात तासाभरात समुद्रासारख्या लाटा उठतात.

गळ आणि लूर विमानात हातातल्या बॅगेत नेऊ नयेत, चेक-इन सामानात टोके झाकून ठेवावेत. न्यूझीलंडला जाताना हिडकलवर वापरलेले रील, लूर, जाळी, बूट हे सर्व धुऊन पूर्ण वाळवावे आणि विमानतळावरील अर्जात त्याची नोंद करावी. नोंद न केल्यास दंड होतो. उत्तर अमेरिकेत एका सरोवरातून दुसऱ्या सरोवरावर जाताना होडी आणि सामान धुणे, आतले पाणी काढून टाकणे आणि वाळवणे अपेक्षित असते, कारण झेब्रा शिंपल्यासारखे उपद्रवी जीव ओल्या सामानातूनच पसरतात. लेड-कोर दोरीच्या विणीत पाणी बराच वेळ टिकते, म्हणून ती रीलवरून पूर्ण सोडून सावलीत वाळवावी.